नदीचे उद्याचे पाणी कसे मोजतात?

सन २०१८ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. माण तालुका त्यांत होता. पुढचा उन्हाळा माणदेशातल्या कितीतरी कुटुंबांनी आपली गुरे घेऊन चारा-छावणीत काढला. आणि त्याच उन्हाळ्यानंतर, २०१९ च्या ऑगस्टात, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची खूण ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ज्यांच्या उंबऱ्याला नदी कधी शिवली नव्हती, त्यांना होडीतून बाहेर काढावे लागले.

आता नकाशा उघडून पाहा. माणगंगेचे पाणी भीमेला मिळते आणि भीमा पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे छावणीतले माणदेशी आणि होडीतले सांगलीकर हे एकाच खोऱ्यातले शेजारी. एकाला घागरभर पाणी नाही, दुसऱ्याच्या माजघरात पुरुषभर पाणी, आणि मध्ये चार महिन्यांचेही अंतर नाही! अशा वेळी शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, धरणावरच्या अभियंत्याच्याही मनात एकच प्रश्न येतो. हवा तापते आहे, पाऊसपाणी बदलते आहे असे सगळेच सांगतात. पण आमच्या नदीचे, आमच्या ओढ्याचे पुढे काय होणार, हे कुणाला आधी काढता येते का?

याचे उत्तर असे की, काढता येते. पण ज्योतिषासारखे नव्हे, वाण्याच्या खतावणीसारखे. ते कसे, हे आज समजून घेऊ. पाटी-पेन्सिल घेऊन बसलात तर अधिकच चांगले.

प्रथम आजवरची रीत पाहू. धरण बांधायचे तर नदीत दर वर्षी किती पाणी येईल हे ठाऊक हवे. ते कसे ठरवीत? मागच्या वर्षांच्या नोंदी काढून. समजा, शंभर वर्षांच्या नोंदी आहेत. सर्वांत जास्त पाण्याचे वर्ष वर, सर्वांत कमी पाण्याचे खाली, अशी उतरती यादी करायची. वरून पंचाहत्तरावे वर्ष घ्यायचे. त्या वर्षी जेवढे पाणी आले तेवढे किंवा त्याहून जास्त पाणी चारांपैकी तीन वर्षी मिळेल, असे धरायचे. याला म्हणतात ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी.

कृष्णेच्या पाण्याची वाटणी याच रीतीने झाली. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ साली निवाडा दिला. त्यापुढे १८९४-९५ पासूनच्या ७८ वर्षांच्या नोंदी होत्या. त्यांवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २०६० टीएमसी ठरले. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशाला ८०० अशी त्याची विभागणी झाली. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. पुढे न्या. ब्रिजेशकुमार यांच्या लवादाने २०१० च्या अहवालात १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांच्या नोंदी धरल्या. त्यात ६५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २२९३ टीएमसी निघाले आणि सरासरी २५७८ टीएमसी निघाली. विश्वासार्हता किती धरायची आणि कोणती वर्षे मोजायची, यावर आकडा बदलतो, आणि त्या आकड्यावर कालवे, पिके, साखर कारखाने आणि शहरांचे नळ उभे असतात. तेव्हा हा नुसता कागदावरचा आकडा नव्हे.

या साऱ्या रीतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. नदी जशी काल वागली तशीच ती उद्या वागेल; कधी जास्त, कधी कमी, पण जुन्या मर्यादेच्या आत. आपले वाडवडीलही याच भरवशावर मृगाची पेरणी करीत. परंतु ज्या हवेतून पाऊस पडतो ती हवाच बदलू लागली, तर जुनी यादी कितपत उपयोगी पडेल? २००८ साली काही जलशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून उघडच सांगितले की, नदीचा भूतकाळ हाच तिच्या भविष्याचा मापदंड, हे गृहीत आता मृत झाले आहे.

हवा बदलते म्हणजे काय होते? दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. पहिली गोष्ट, उबदार हवेत वाफ जास्त मावते. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की हवेची वाफ धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळू शकतो. दुसरी गोष्ट, उबदार हवा तहानेलीही अधिक असते. तळ्यातून, जमिनीतून, पिकांच्या पानांतून ती जास्त पाणी ओढून घेते. एकच कारण, पण त्याचा एक हात पुराकडे आणि दुसरा दुष्काळाकडे.

आपल्या देशात काय घडले आहे त्याचा आढावा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुढाकार घेऊन तयार केला. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा हा अहवाल २०२० साली निघाला. त्यात म्हटले आहे की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. आणि ही घट जेथे विशेष दिसते त्यांत गंगेच्या मैदानाबरोबर आपला पश्चिम घाटही आहे. याच्या उलट, मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. थोडक्यात, एकूण पाऊस थोडा कमी, पण मुसळधारेचे दिवस जास्त.

आता नदीच्या खतावणीकडे वळू. शास्त्रज्ञ ज्याला 'मॉडेल' म्हणतात, त्याला आपण गणिती नमुना म्हणू. हा नमुना म्हणजे मातीचा किंवा लाकडाचा देखावा नव्हे; तो आहे पाण्याचा जमाखर्च. जमेच्या बाजूला पाऊस. खर्चाच्या बाजूला तीन रकमा: उडून गेलेले पाणी, जमिनीत मुरलेले पाणी आणि ओढ्यानदीतून वाहून गेलेले पाणी. जमा आणि खर्च जुळले पाहिजेत. पाणी कुठे नाहीसे होत नाही, ते फक्त खाते बदलते.

ही विद्या तशी जुनी आहे. १८५१ साली थॉमस मुलवनी या आयरिश अभियंत्याने पावसावरून पुराचा लोंढा काढण्याची रीत मांडली. १९३२ साली अमेरिकेतल्या शर्मन यांनी ठरावीक पावसाने नदी किती तासांत चढते व कशी उतरते हे दाखवण्याची युक्ती शोधली. १९६० नंतरच्या दशकात, संगणक हाताशी आल्यावर, स्टॅनफर्ड विद्यापीठात पाणलोटाचा संपूर्ण जमाखर्च संगणकावर मांडला गेला. आज चालतात ते नमुने याच वंशातले.

एक सोपे गणित करू. आपल्या गावचा ओढा घ्या. त्याचे पाणलोट क्षेत्र दहा चौरस किलोमीटर धरा. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार घनमीटर पाणी होते. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर दहा चौरस किलोमीटरवर साठ लाख घनमीटर पाणी पडले. त्यातले ४८० मिलिमीटर जमिनीने, पिकांनी आणि उन्हाने घेतले. उरलेले १२० मिलिमीटर, म्हणजे बारा लाख घनमीटर, ओढ्याने वाहिले. हे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. मतलब त्यांच्या परस्पर नात्याशी आहे.

आता पाऊस दहा टक्क्यांनी कमी करा. ६०० चा ५४० झाला. ओढ्याचे पाणीही दहा टक्केच कमी होईल, असे सहज वाटते. पण तसे होत नाही! जमीन आणि पिके आपला वाटा आधी घेतात. ओढा शेवटी जेवायला बसतो. जमिनीचा व पिकांचा खर्च ४८० वरून फार तर ४६० वर येईल. मग ओढ्याला उरले ८०. बाराचे आठ लाख घनमीटर झाले. पाऊस दहा टक्के घटला आणि ओढा एक तृतीयांश आटला. त्यातच हवा तापल्यामुळे खर्च पुन्हा ४८० झाला, तर ओढ्याला उरले साठ, म्हणजे निम्मे! कोरडवाहू मुलखातली नदी पावसापेक्षा कितीतरी जास्त हलते, ती यामुळे. माणदेशासारख्या भागातल्या बंधाऱ्याचे भवितव्य या एका वजाबाकीत दडलेले आहे.

शिक्षकबंधूंना हे गणित पाचवी-सहावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल. त्याच्या जोडीला आणखी एक घ्या. जमीन म्हणजे एक रांजण समजा. त्यात १०० मिलिमीटर पाणी मावते. भरून वाहिले तर ते ओढ्याला जाते. रोज पाच मिलिमीटर पाणी ऊन आणि पिके घेतात. रांजण सुरुवातीला रिकामा आहे. पंधरा दिवसांत एकूण १५० मिलिमीटर पाऊस पडणार आहे.

पहिली तऱ्हा अशी: रोज दहा मिलिमीटर पाऊस. दहा आले, पाच गेले; रोज पाच साठले. पंधरा दिवसांनी रांजणात ७५ मिलिमीटर पाणी. ओढ्याला काही गेले नाही, पण जमीन ओलीचिंब. दुसरी तऱ्हा अशी: सारा १५० मिलिमीटर पाऊस पहिल्याच दिवशी. रांजण शंभरावर भरला आणि ५० मिलिमीटर पाणी त्याच दिवशी ओढ्याने धावले. उरलेल्या शंभरातले रोज पाच याप्रमाणे पंधरा दिवसांत ७५ उडाले. शिल्लक राहिली २५. तलाठ्याच्या चावडीवर दोन्ही पावसांची नोंद सारखीच, १५० मिलिमीटर; पण पहिल्या गावात पीक उभे आहे, आणि दुसऱ्या गावात पूरही आला आणि पीकही सुकले.

पाऊस किती पडला याइतकेच तो कसा पडला याला महत्त्व आहे, हे यावरून दिसेल. आणि आणखीही एक गोष्ट दिसेल. दिवाळीनंतर ओढ्यात जे पाणी झुळझुळते ते आभाळातून आलेले नसते, ते मुरलेल्या पाण्याचा पाझर असते. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर वसलेला. या खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात पाणी साठायला जागा थोडी. पाऊस धावून गेला की पाझर कमी, आणि पाझर कमी झाला की ओढा पौषातच तळ दाखवतो.

खरे नमुने याहून पुष्कळ बारीक असतात. एका रांजणाऐवजी ते खोऱ्याचे शेकडो, हजारो तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला त्याचा उतार, त्याची माती, त्यावरचे रान किंवा ऊस किंवा ज्वारी, सारे लावून देतात. मग दिवसामागून दिवस जमाखर्च मांडून पाणी एका तुकड्यातून दुसऱ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात नेतात. अमेरिकेच्या शेती खात्यात १९९० नंतरच्या दशकात तयार झालेला 'स्वॅट' नावाचा नमुना असाच आहे. भारतातल्या अनेक नद्यांसाठी तो वापरला गेला आहे.

पण यंत्राने आकडा दिला म्हणून तो खरा मानायचा काय? मुळीच नाही. त्याची परीक्षा घ्यावी लागते. समजा, एका पुलापाशी नदीच्या तीस वर्षांच्या नोंदी आहेत. पहिल्या वीस वर्षांच्या नोंदी पाहून नमुन्याचे बारकावे जुळवतात. माती किती पाणी धरते, पाझर किती दिवस टिकतो वगैरे. उरलेली दहा वर्षे झाकून ठेवतात. मग त्या दहा वर्षांचा फक्त पाऊस नमुन्याला देतात आणि विचारतात, सांग, नदीला किती पाणी आले? उत्तर आले की झाकलेली नोंद उघडतात आणि ताडून पाहतात. गुरुजी पाठ केलेले गणित न देता नवे गणित घालतात, तशातलाच हा प्रकार. जो नमुना यात उतरत नाही, त्याला उद्याचे विचारण्यात अर्थ नाही.

येथे एक मोठी अडचण येते. कृष्णेचे पाणी आज पूर्वीइतके समुद्रात जात नाही. विजयवाड्याच्या खाली वाहणारा प्रवाह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार घटला. पण त्याला मुख्य कारण हवामान नव्हे. वर धरणे झाली, कालवे निघाले, ऊस वाढला, विहिरींवर आणि बोअरवर पंप बसले. म्हणून आधी माणसाने उचललेले पाणी हिशेबात परत मिळवावे लागते, म्हणजे नदीचा मूळचा प्रवाह कळतो. असे केले नाही, तर उसाने प्यायलेले पाणीही आपण हवामानाच्या नावावर मांडू. उलटही होते, आपल्या उचलीचा दोष हवामानावर ढकलून मोकळे होण्याचा मोह पडतो. प्रामाणिक जमाखर्च दोघांचीही खाती वेगळी ठेवतो.

आता कुणीतरी विचारील, "ते सगळं ठीक आहे, प्राध्यापक, पण पुढच्या पन्नास वर्षांचा पाऊस तुम्ही आणणार कुठून?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचे नमुने असतात. ते साऱ्या पृथ्वीच्या हवेचा आणि समुद्राचा जमाखर्च मांडतात. माणसाने कोळसा, तेल किती जाळले, हवेत कार्बन डायऑक्साइड किती साठला, हे त्यांना सांगावे लागते. माणूस पुढे किती जाळील हे तर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दोन-चार वाटा धरतात. जाळणे लवकर कमी केले तर एक, असेच चालू ठेवले तर दुसरी. प्रत्येक वाटेसाठी वेगळा हिशेब. म्हणूनच यातून निघते ते भाकीत नसते. "असे केले तर असे होईल" या जातीचे ते विधान असते.

पृथ्वीचे हे नमुने जगावर चौकटींची जाळी टाकतात. एक चौकट बहुधा शंभर ते दोनशे किलोमीटर लांबीरुंदीची. आता आपला सह्याद्री आठवा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि शंभर किलोमीटरच्या आतच असलेल्या फलटणला पाचशेच्या आसपास. दोन्ही ठिकाणे एकाच चौकटीत पडली, तर यंत्राला ना महाबळेश्वर दिसते ना फलटण. दिसतो तो दोन्हींचा काला. कृष्णा, कोयना, वेण्णा या नद्यांचे पाणी तर घाटमाथ्याच्या त्या अरुंद पट्ट्यातूनच येते. म्हणून जाड चौकटीतला पाऊस बारीक करावा लागतो: एक तर लहान चौकटींचा प्रादेशिक नमुना चालवून, नाही तर जुन्या नोंदींवरून घाट आणि पठार यांचे प्रमाण बसवून. यात चूक शिरायला जागा असते. म्हणून एकाच नमुन्यावर न विसंबता अनेक नमुने चालवतात आणि त्यांची उत्तरे शेजारीशेजारी ठेवतात.

मग उत्तरे आली तरी काय? दिल्लीच्या आयआयटीतले प्रा. ए. के. गोसाईं आणि त्यांचे सहकारी यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात २००६ साली देशातल्या बारा खोऱ्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबात नद्यांतून मिळणारे पाणी सामान्यतः घटलेले दिसले, आणि त्याच वेळी कुठे दुष्काळ अधिक तीव्र, तर कुठे पूर अधिक जोरदार झालेला दिसला. उलट, २०२१ साली आंतरराष्ट्रीय हवामान समितीने, म्हणजे आयपीसीसीने, जगभरच्या नव्या नमुन्यांचा मेळ घालून म्हटले की, या शतकात पुढे दक्षिण आशियातला मोसमी पाऊस वाढण्याकडे कल राहील. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तो घटला, त्यात हवेतल्या धुराचा आणि सूक्ष्म कणांचा वाटा होता, असेही त्या अहवालात सांगितले आहे. हे कण ऊन अडवतात आणि जमीन थोडी गार ठेवतात. त्यामुळे मोसमी वाऱ्यांचा जोर कमी पडतो.

एक म्हणतो घट, दुसरा म्हणतो वाढ! मग हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणायचा का? नाही. कशावर एकमत आहे आणि कशावर नाही, हे वेगळे करून पाहिले की खूप काही हाती लागते. तापमान वाढेल, यावर सारे नमुने एकमुखी आहेत. मुसळधारेचे दिवस अधिक जोराचे होतील, यावरही पुष्कळसे एकमत आहे. वर्षाचा एकूण पाऊस एका विशिष्ट खोऱ्यात किती वाढेल वा घटेल, यावर मात्र मते फाटतात. म्हणजे नदीचे वर्षाचे एकूण पाणी हा डळमळीत आकडा; पण पाणी थोड्या दिवसांत धावत येईल आणि उरलेल्या दिवसांत ऊन जास्त पिईल, हा भाग बळकट. आपल्या रांजणाची दुसरी तऱ्हा आठवा. तयारी त्या तऱ्हेसाठी केली पाहिजे.

तयारी म्हणजे काय करायचे? धरणाचेच पाहा. ऑगस्टात धरण काठोकाठ भरून घ्यावे, म्हणजे उन्हाळ्यात शेती आणि वीज चालेल, असे एक मन म्हणते. थोडी जागा रिकामी ठेवावी, म्हणजे अतिवृष्टीचा लोंढा पोटात घेता येईल आणि खालचे गाव वाचेल, असे दुसरे मन म्हणते. जास्त रिकामे ठेवले आणि पाऊस पडलाच नाही, तर माण-सांगोल्याच्या वाट्याचे पाणी गेले. भरून ठेवले आणि घाटावर आभाळ फाटले, तर सांगलीवर संकट. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी आगगाडीने तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या लातूरला न्यावे लागले होते. तीन वर्षांनी मिरजेच्याच परिसरात महापूर आला. नुसत्या जुन्या सरासरीवर बेतलेले वेळापत्रक दोन्हींना पुरे पडत नाही. नमुन्यांचा खरा उपयोग येथे होतो. धरण चालवण्याची एखादी रीत पन्नास निरनिराळ्या उद्यांवर चालवून पाहता येते. ज्या रीतीने बहुतेक उद्यांत निभावून जाते, ती पत्करायची. एकाच उद्यात सोन्यासारखी आणि बाकीच्यांत मातीमोल ठरणारी सोडून द्यायची.

गावालाही हाच न्याय. शेताची ताल धड ठेवणे, नालाबांधातला गाळ काढणे, उतारावर गवत राखणे, विहिरीकडे पाझर वळवणे ही कामे पाऊस वाढला तरी फायद्याची आणि घटला तरी फायद्याची. ती रांजणाचे माप वाढवतात. जेवढे पाणी मुरेल तेवढा लोंढा कमी, आणि तेवढाच माघातला ओढा जिवंत. मात्र एक लक्षात असू द्या: वरच्या गावाने अडवलेले पाणी खालच्या गावाच्या खात्यातून वजा होते. म्हणून हिशेब एका शिवाराचा करून भागत नाही, साऱ्या पाणलोटाचा करावा लागतो.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती आहे. सगळ्या नमुन्यांचे अन्न एकच, ते म्हणजे नोंदी. अभियंत्यांच्या मोजणीची ठाणी मोठ्या नद्यांवर असतात. लहान ओढ्यांची नोंद बहुधा कुणीच ठेवत नाही. ही उणीव शाळा भरून काढू शकते. सरळ उभ्या कडांची एक बरणी घ्या, तिला मिलिमीटरची पट्टी चिकटवा आणि उघड्या जागी मांडा. जवळचे झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल, तिच्या दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला, पाऊस वाचून वहीत लिहा आणि बरणी रिकामी करा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचे, जागा कोरी सोडायची नाही. कारण कोऱ्या जागेवरून पाऊस पडला नाही की मास्तर रजेवर होते, हे पुढे कुणालाच कळत नाही.

ओढ्याचे पाणीही मोजता येते. पूर नसताना, वडीलधाऱ्या माणसांच्या देखरेखीखाली, दहा मीटरचा सरळ टप्पा आखा. त्यात लाकडाचा तुकडा सोडा आणि घड्याळ लावा. समजा, वीस सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. पात्र दोन मीटर रुंद आणि सरासरी तीस सेंटिमीटर खोल असेल, तर त्याचा छेद ०.६ चौरस मीटर. गुणाकार ०.३ घनमीटर. वरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जलद धावते, म्हणून त्याचे ०.८ पट करा. उत्तर आले सेकंदाला ०.२४ घनमीटर, म्हणजे २४० लिटर. पंधरवड्यातून एकदा हे केले, ओढा कोणत्या तारखेला आटला ते टिपले, आणि महिन्यातून एकदा गावविहिरीची पातळी दोरीने मोजली, तर पाच वर्षांत शाळेपाशी अशी वही तयार होईल की जिची किंमत कोणत्याही यंत्राहून कमी नसेल.

येत्या काही वर्षांत आपल्या तालुक्यासाठी कुणी ना कुणी असे हिशेब घेऊन येईल. बंधारा किती उंच, कालव्याला किती पाणी, कोणत्या पिकाला परवानगी, हे त्यांवरून ठरेल. त्या वेळी बैठकीत तीन प्रश्न अवश्य विचारा. हा नमुना कोणत्या वर्षांच्या नोंदींवर पारखला? किती निरनिराळ्या उद्यांवर चालवून पाहिला? आणि आमच्या ओढ्याची नोंद त्यात घेतली आहे का? तिसरा प्रश्न विचारताना शाळेची ती वही टेबलावर ठेवा. मग आपल्या गावाचे उद्याचे पाणी मोजणाऱ्याला आपले कालचे पाणी अंदाजाने धरावे लागणार नाही.